डीले लूप पान ओलांडत नाही ना?

६५०२ प्रोसेसरवर सायकली (घड्याळाचे ठोके) मोजून लिहिलेला डीले लूप, म्हणजे मुद्दाम वेळ घालवणारा कोड, भलत्याच जागी चार ओळी वाढवल्यावर बिघडला, तर आधी ब्रँचचे (अटीवर उडी घेणाऱ्या सूचनेचे) पत्ते तपासा. बीएनई या ‘शून्य नसेल तर उडी घे’ ब्रँचने उडी घेतली नाही तर २ सायकली, घेतली तर ३. पण उडीचं ठिकाण आणि ब्रँचनंतरची सूचना २५६ बाइटच्या वेगवेगळ्या पानांत पडली, की ४! एक्स रजिस्टरमध्ये १० भरून डीईएक्स (एक्समधून १ वजा) आणि बीएनई ही जोडी फिरवली, तर ५१ सायकली लागतात. पान ओलांडलं तर तब्बल ६०. अटारी २६०० या गेम कन्सोलवर अख्ख्या स्कॅनलाइनला (पडद्यावरच्या एका आडव्या ओळीला) ७६च मिळतात, तिथे हे मुळीच परवडत नाही. म्हणून लूप अलाइन करून एकाच पानात बसवा. ३ सायकली घालवायच्या असतील, तर लगेच पुढच्या सूचनेवर जेएमपी (बिनशर्त उडी) करा. फ्लॅग (आधीच्या सूचनांच्या निकालाच्या खुणा) शाबूत राहतात.