सीआरएच चाचणी करताना या चुका टाळा

सीआरएच हे मेंदूतलं हार्मोन. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच हे हार्मोन सोडायला लावतं, आणि एसीटीएचमुळे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन बनवतात. कॉर्टिसॉल वाढलंय का, हे सीआरएच चाचणी सांगत नाही. ते कुठून वाढतंय, एवढंच सांगते. निरोगी पिट्युटरीही सीआरएचला प्रतिसाद देते, म्हणून कुशिंग्ज सिंड्रोम (कॉर्टिसॉल दीर्घकाळ जास्त राहण्याचा आजार) पक्का होण्याआधी ही चाचणी केली तर धडधाकट माणसालाही पिट्युटरीत गाठ असल्याचा शिक्का बसू शकतो. आधी 24 तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, रात्री उशिराच्या लाळेतलं कॉर्टिसॉल आणि 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन चाचणी (हे स्टेरॉइड दिल्यावर कॉर्टिसॉल दबतं का ते बघणारी), यांपैकी किमान दोन स्पष्टपणे बिघडलेल्या हव्यात.

सिनॅक्थेन (कृत्रिम एसीटीएच) चाचणीशी गल्लत करू नका. ती अ‍ॅड्रिनल कमी पडतेय का हे बघायला असते.

मेटिरापोन किंवा केटोकोनॅझोल ही कॉर्टिसॉल कमी करणारी औषधं चालू असताना, किंवा आजार अधूनमधून उसळणारा असून शांत टप्प्यात असताना चाचणी घेणं ही सर्वांत फसवी चूक. चाचणीचा सगळा आधार असा, की जास्तीच्या कॉर्टिसॉलने पिट्युटरीतल्या निरोगी पेशी दबलेल्या असतात, प्रतिसाद देते ती फक्त गाठ. कॉर्टिसॉल उतरलं की त्या पेशीही जाग्या होतात, आणि एसीटीएच फुफ्फुसातल्या गाठीतून येत असलं तरी निकाल पिट्युटरीकडे बोट दाखवतो. म्हणून चाचणीच्या सुमारास कॉर्टिसॉल खरोखर वाढलेलं आहे ना, हे तपासा.

प्रत्यक्ष चाचणीत 100 मायक्रोग्रॅम सीआरएच शिरेतून देतात. रक्त −15, 0, 15, 30, 45 आणि 60 मिनिटांना घेतात (0 म्हणजे इंजेक्शनची वेळ). चेहरा लाल होईल, तोंडात धातूची चव येईल, हे रुग्णाला आधीच सांगा.

चांगली चाचणी सगळ्यात जास्त वाया जाते ती नळीत. एसीटीएच पटकन नष्ट होतं आणि काचेला चिकटतं. गार केलेली प्लॅस्टिकची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळी घ्या, रक्त भरताच बर्फात ठेवा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये लगेच फिरवा, प्लाझ्मा वेगळा करून गोठवा. रक्तपेशी फुटलेला नमुना बाद समजा. प्रत्येक नळीवर वेळ लिहा. 15 आणि 45 ची अदलाबदल झाली तर हिशोबच चुकतो. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मोजण्याच्या काही पद्धतींत एसीटीएच खोटं कमी दाखवतात, त्या आधी थांबवा. तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनने एकूण कॉर्टिसॉल फुगतं.

मेंढीचं सीआरएच वापरलं असेल तर एसीटीएच 35 टक्क्यांहून किंवा कॉर्टिसॉल 20 टक्क्यांहून वाढणं पिट्युटरीच्या बाजूचं मानतात. मानवी सीआरएचला हेच आकडे लावू नका. वाढ दिसली नाही म्हणून पिट्युटरी लगेच सुटली असंही नाही. एमआरआयशी निकाल जुळत नसेल तर पेट्रोसल सायनसमधून (पिट्युटरीचं रक्त वाहून नेणाऱ्या शिरेतून) रक्त घेऊनच ठरवावं.