शंकरपटाच्या गेमात ऑटो क्लिकर कसा धरायचा

मागच्या पोळ्याला आमच्या मंडळाने मोबाईलवरचा शंकरपट ठेवला होता. गेम मीच बनवला, साधं वेबपेज, दोन बैल, खाली एक मोठं बटण, एका मिनिटाचा डाव, जितके टॅप तितकी जोडी पुढं, आणि तीन दिवसांत कितीही डाव खेळा, ज्याचं एकूण अंतर जास्त तो जिंकला. पहिलं बक्षीस 501 रुपये आणि एक टॉर्च. वाटलं गावातले पंधरा-वीस पोट्टे खेळतील आणि विसरतील. पण पहिल्याच रात्री बोर्डावर एक नंबरला जो होता त्याचा एका डावाचा स्कोअर 99999999. एका मिनिटात. अशी जोडी तळेगाव दशासरच्या पटातही कोणी पाहिली नसन.

तेव्हापासून बॉट, म्हणजे माणसाच्या जागी खेळणारे प्रोग्राम, कसे धरायचे ते शिकत गेलो, अर्धं चुकत चुकत. तुम्हीही गणपतीत क्विझ किंवा असा छोटा गेम ठेवणार असाल तर हे कामात पडेल.

सगळ्यात आधी, स्कोअर फोनवर मोजू नका. माझा गेम डाव संपला की सर्व्हरला सांगायचा, याचे 380 टॅप झाले. आणि सर्व्हर भोळा, मान डोलावून लिहून घ्यायचा. त्या पोट्ट्याने गेम खेळलाच नव्हता, ब्राउझरमध्ये ती विनंती कशी जाते ते पाहिलं आणि आकडा बदलून परत पाठवला, संपलं. म्हणून फोनकडून स्कोअर घ्यायचाच नाही, प्रत्येक टॅपची नोंद घ्यायची आणि बेरीज सर्व्हरवर करायची. शिवाय एक वरची मर्यादा ठेवा. एका बोटाने सेकंदाला सहा-सात टॅप म्हणजे चांगला वेग, दोन्ही अंगठे लावले तर बारा-तेरा, त्याच्या वर कोणी मिनिटभर टिकत असेल तर तो डाव बाजूला काढून ठेवा.

नोंदीत काय काय पाहिजे: टॅपची वेळ मिलिसेकंदात, स्क्रीनवरची जागा म्हणजे आडवा-उभा आकडा, बोटाचा ठसा किती रुंद होता ते, आणि ब्राउझर प्रत्येक टॅपला लावतो ती इजट्रस्टेड नावाची खूण. पेजमध्येच जावास्क्रिप्ट घुसवून कोणी खोटा टॅप मारला तर ही खूण फॉल्स येते. प्रोग्रामने चालवलेला ब्राउझर असला तर बहुतेक वेळा नेव्हिगेटर डॉट वेबड्रायव्हर ही दुसरी खूण ट्रू येते. पण यावर लय खुश होऊ नका. प्ले स्टोअरवरचे ऑटो क्लिकर, म्हणजे आपोआप टॅप मारणारे अॅप, अँड्रॉइडच्या अॅक्सेसिबिलिटी सेवेतून टॅप मारतात, ती सेवा खरं तर ज्यांना स्क्रीन वापरायला अडचण आहे त्यांच्यासाठी असते, आणि ब्राउझरला तो टॅप खराच वाटतो. म्हणजे खूण ट्रू आली तरी माणूस असेलच असं नाही.

मग उरतं ते दोन टॅपमधलं वेळेचं अंतर, म्हणजे गॅप, आणि खरी मजा इथंच आहे. दुसऱ्या दिवशी दोन खाती शीटमध्ये शेजारी शेजारी लावली. एकाचे गॅप असे: 150, 133, 167, 150, 183, 133, 317, 150. दुसऱ्याचे असे: 100, 99, 100, 101, 100, 100, 99, 101. दुसरं पाहून सांगायची गरजच नाही. पण मला पहिल्याचाही संशय आला होता, की हे आकडे पायऱ्या-पायऱ्यांनी काहून येऊन रायले, 133, 150, 167, मधले 140 नाही, 158 नाही? मग डोक्यात प्रकाश पडला, स्वस्त फोनचं टच पॅनेल सेकंदाला साठ वेळा बोट कुठं आहे ते पाहते, म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदाला एकदा, म्हणून गॅप त्याच्याच पटीत येतात. उलट ही तर खऱ्या बोटाची खूण निघाली, कारण ऑटो क्लिकरचा टॅप पॅनेलमधून येतच नाही. अर्थात फोन बदलला की पायरीही बदलते, महागड्या फोनचं पॅनेल जास्त वेगानं पाहते. आणि तो 317 म्हणजे घामेजलेलं बोट पॅन्टला पुसलं असेल.

शीटमध्ये सूत्र एकच टाकायचं, गॅपचं स्टँडर्ड डेव्हिएशन (गॅप सरासरीपासून किती इकडं-तिकडं होतात ते) भागिले सरासरी. आमच्या खऱ्या पोट्ट्यांचं उत्तर 0.12 ते 0.3 च्या मध्ये यायचं. त्या दुसऱ्याचं आलं 0.007. वर त्याचे सगळे टॅप एकाच पिक्सेलवर. आपण बटण दाबतो तेव्हा बोट जरा इकडं जरा तिकडं पडतेच, शंभर टॅप कागदावर मांडले तर ज्वारी सांडल्यासारखं दिसते, याचा एकच ठिपका.

आता हुशार पोट्टा काय करते, ऑटो क्लिकरच्या सेटिंगमध्ये जाऊन गॅप 80 ते 120 च्या मध्ये रँडम करते. त्याचं उत्तर येते 0.115 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ माणसासारखं, आणि सूत्र फसते. अशा वेळी गॅपचा आलेख काढा. रँडमचा आलेख सपाट येते, 80 पासून 120 पर्यंत सगळं सारखं आणि 120 नंतर एकदम कडा. माणसाचा एका बाजूला उंचवटा आणि उजवीकडं लांब शेपूट, कारण मधेच कोणीतरी हाक मारते, डोळ्यावर माशी बसते. आणि माणूस थकते. डावाचे पहिले दहा सेकंद आणि शेवटचे दहा सेकंद वेगवेगळे मोजा, खेळणारा खरा असेल तर शेवटी तो मंदावतोच.

अजून एक युक्ती म्हणजे बटण हलवणं. रूनस्केप नावाच्या जुन्या गेमात पूर्वी मधेच काहीतरी अचानक समोर यायचं, बॉट तिथं अडकायचे. मी एवढंच केलं की एखाद्या डावात बटण अचानक डावीकडं सरकवायचं. माणसाला दिसून प्रतिक्रिया द्यायला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, मग बोट तिथं जाईपर्यंत अजून थोडा वेळ. साधा ऑटो क्लिकर जुन्याच जागेवर रिकामे टॅप मारत बसते. तीन खाती अशीच सापडली.

सापळा लावायचा असेल तर माणसाला न दिसणारं एक बटण पेजमध्ये ठेवा, त्याला फक्त स्क्रिप्टच हात लावेल. मोठे गेमवाले हेच करतात. फेब्रुवारी 2023 मध्ये वाल्व या गेम कंपनीने आपल्या डोटा 2 या गेममधली 40,000 च्या वर खाती बंद केली, ती कशी, तर गेमच्या आत एक असा डेटा ठेवून दिला की जो साध्या खेळात कधी वाचलाच जात नाही, चीटवाल्या सॉफ्टवेअरने तो वाचला आणि गळाला लागलं.

आता माझी चूक सांगतो. मोठ्या गेमांत एखादं खातं दिवसभर न थांबता चालत असेल तर संशय घेतात, म्हणून मीही ठरवलं की एका दिवसात सोळा तासांच्या वर खेळला तो बॉट. एक खातं एकोणीस तासांवर होतं, काढून टाकलं, गॅप पाहिलेच नाहीत. सकाळी सात वाजता एक आजी दारात उभी. "माह्या नातवायले चोर म्हनतं कारे तू?" झालं असं होतं की पोळ्याला मामाच्या गावी आलेले चार भावंडं एकाच फोनवर पाळीपाळीनं खेळून रायले होते, मोठा रात्री, लहानी सकाळी. चोर सोडून संन्याशाला फाशी. नंतर गॅप काढले तर एकाच खात्यात चार वेगळे वेग स्पष्ट दिसत होते. आजीला चहा पाजला, खातं परत चालू केलं, मंडळाच्या ग्रुपवर माफीही टाकली. गावात एक फोन म्हणजे एक माणूस असं धरूच नका.

तसंच आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, पाहून कोणाला बंद करू नका. मोबाईल कंपन्या कित्येक ग्राहकांना बाहेरून एकच आयपी देतात, एकाला बंद केलं की शेजारचे दहा जण बंद, आणि त्यातला एक मंडळाचा अध्यक्ष असतोच.

नेटवर्कचाही घोळ आहे. आमच्याकडं लाईन गेली की थोड्या वेळाने टॉवर बसते, मग फोनमध्ये साठलेले टॅप रेंज आली की सगळे एकदम सर्व्हरवर येऊन पडतात. सर्व्हरच्या घड्याळात पाहिलं तर एका सेकंदात दोनशे टॅप, पक्का बॉट. म्हणून गॅप फोनच्या घड्याळावरून काढायचे आणि सर्व्हरच्या घड्याळाने फक्त एवढंच तपासायचं की एक तासात कोणी नव्वद मिनिटांचे डाव तर नाही पाठवले.

बॉट सापडला तरी लगेच बंद करायचं नाही. लगेच काढलं की त्याला कळते कशामुळं काढलं, आणि तासाभरात सेटिंग बदलून परत हजर. वाल्वचं अँटी-चीट, म्हणजे चीट करणारे पकडणारं सॉफ्टवेअर, 2002 पासून चालू आहे आणि ते मुद्दामच बंदी उशिरा घालते, कित्येक खाती एकदमच उडवते. मीही तिसऱ्या दिवशी रात्री नऊलाच यादी काढली. यादीत नाव यायला कमीत कमी तीन वेगवेगळ्या खुणा पाहिजेत असं ठरवलं, गॅप, जागा, बटण हलल्यावरचं वागणं, रात्रीची नॉनस्टॉप धाव, यातल्या कोणत्याही तीन. फक्त एकाच खुणेवर कोणाला धरलं नाही.

आणि चोर हा शब्द ग्रुपवर वापरायचा नाही, गावात भांडणं होतात. यादीतल्या चौघांना वेगवेगळा मेसेज टाकला: "भाऊ, तुझा स्कोअर तपासणीसाठी थांबवला आहे. उद्या दहा वाजता समाजमंदिरात ये आणि सगळ्यांसमोर एक मिनिटाचा डाव खेळून दाखव, जुळला तर स्कोअर जसाच्या तसा."

दहा वाजता दोघं आले. एकानं 341 टॅप मारले, त्याच्या नोंदीत प्रत्येक डावाला 600 होते, हसत हसत फोन खिशात टाकून निघून गेला. दुसऱ्याचा आकडा जुळला, तो ठोकळ्यावर फोन ठेवून दोन बोटांनी तबल्यासारखा वाजवायचा, म्हणून टॅप एकाच जागेवर पडायचे आणि गॅपही लय सारखे. भजनी मंडळात तबल्यावर असते तो. उरलेल्या दोघांपैकी एकाचा मेसेज आला की कपाशीवर फवारणी चालू आहे, जमणार नाही, आणि एकानं ग्रुपच सोडला.