हळदीच्या दुसऱ्या दिवशीचा मेकअप: सांगलीकडच्या उन्हाळी लग्नासाठी

सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यात एप्रिल-मेचं लग्न म्हणजे पारा चाळिशीच्या आसपास, मुहूर्त भर दुपारचा आणि आदल्या दिवशी अंगभर हळद. नवरीचा मेकअप फसतो तो पुष्कळदा मेकअपच्या सामानामुळे नव्हे, तर आदल्या संध्याकाळी हळद कशी उतरवली यामुळे. गालावर पिवळी झाक, कानामागे नारिंगी डाग, नाकाशेजारी घासून लाल झालेली कातडी. यावर कितीही महाग फाउंडेशन लावा, फोटोत चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची दिसणारच. म्हणून सुरुवात ब्रशपासून नाही, हळदीच्या वाटीपासून.

पण त्याच्याही आधी, पंधरा दिवस

लग्नाला पंधरा दिवस उरले की चेहऱ्यावर नवीन काहीही सुरू करायचं नाही. फेशियल करायची सवय नसेल तर आत्ताच पहिल्यांदा करू नका. सवय असेल तर सात-आठ दिवस आधी उरका. भुवया आणि वॅक्सिंग हळदीच्या दोन-तीन दिवस आधी. आदल्याच दिवशी दोरा फिरवला तर ओरखडलेल्या कातडीवर हळद झोंबते आणि तिथे रंगही जास्त धरते. लग्नात वापरायच्या प्रत्येक वस्तूचा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबा. हळदीचासुद्धा. हळदीची अ‍ॅलर्जी असते, कमी जणींना असते, पण असते.

‘गोरं करणारी’ म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी ट्यूब लावत असाल तर तिच्यावर बारीक अक्षरात बीटामेथॅसोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का ते वाचा. ही स्टेरॉइडं आहेत. पहिले काही आठवडे चेहरा उजळ वाटतो, मग कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, उन्हात चेहरा जळजळतो. एकदम बंद केली तर चेहरा आणखी भडकू शकतो, म्हणून ती सोडायची कशी हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच. ‘आठ दिवसांत फरक’ सांगणाऱ्या शेजारणीला विचारून नाही.

मेंदी हळदीच्या आदल्या दिवशी काढा. खरी मेंदी आधी नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या कोनात केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असू शकतं. त्याने हातावर फोड येतात. नेलपेंट मात्र हळदीनंतरच लावायचं. फिकट रंगाचं आधी लावलं तर पिवळं पडतं आणि पुन्हा काढत बसावं लागतं.

फाउंडेशनचा रंगही हळद लागायच्या आधीच ठरवा. जबड्याच्या कडेवर तीन जवळजवळच्या छटांच्या रेघा ओढा, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको, बाहेर उजेडात या आणि दहा मिनिटं थांबा. हवा लागल्यावर काही फाउंडेशनं गडद होतात. जी रेघ दिसेनाशी होते ती तुमची. मनगटावर बघून घेतलेली छटा चेहऱ्याला क्वचितच जुळते, आणि मुद्दाम दोन छटा गोरी घेतलेली सावळ्या चेहऱ्यावर राखाडी दिसते. एकदा राख फासल्यासारखा चेहरा अल्बममध्ये गेला की गेला.

हळद कोणती, किती

सांगलीत राहून हळदीची उणीव नाही. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि नवीन हळद बाजारात येण्याचा हंगाम लग्नसराईच्या तोंडावरच असतो. तेव्हा सुटी, जास्तच चमकदार पिवळी पूड घेण्यापेक्षा हळकुंडं आणून डंकावर कुटून घ्या. सुट्या पुडीत रंग मिसळण्याचे प्रकार होतात, आणि लेड क्रोमेटसारखा शिशाचा रंग कातडीला लावायची वस्तू नव्हे. पूड वस्त्रगाळ करा. भरड राहिली की तिचे कण चेहरा ओरखडतात.

अंगाला लावायला अर्धी वाटी पूड, तेवढंच तेल आणि लागेल तसं दूध. चेहऱ्यासाठी मात्र वेगळी वाटी ठेवा: दोन चमचे डाळीचं पीठ, पाव चमचा हळद, दोन चमचे दही. विधी म्हणून एवढी हळद पुरते. नवऱ्याकडून येणाऱ्या उष्ट्या हळदीच्या ताटात दहा-बारा हात बुडालेले असतात, म्हणून त्या हळदीचं बोट कपाळाला आणि पायाला लावून रीत पाळा, तोंडाला फासू नका. चेहऱ्यावर पुटकुळ्या असतील तर हे आणखी महत्त्वाचं. लिंबू दोन्ही वाट्यांत नको. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. हळदीचा मांडव अंगणात असतो, ऊन असतंच.

करवल्या, मामी, मावशी हळद लावायला यायच्या पंधरा मिनिटं आधी चेहरा, मान, कान, हात यांवर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवा. पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल मानवत नाही, तिथे साधं मॉइश्चरायझर लावा. भुवया, केसांची कड आणि नखांच्या कडांना व्हॅसलीन लावा. हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. वर तेलाचा थर असला की बराचसा रंग त्यातच राहतो आणि तेलाबरोबर पुसला जातो. चेहऱ्यावरची हळद दहा मिनिटांत उतरवायला घ्या. फोटोसाठी तासभर तशीच ठेवली की ती वाळून आक्रसते आणि मग खरवडावी लागते.

हळद उतरवणं

सगळ्यात जास्त चूक इथे होते. नवरी मोरीत जाते, अंगाचा साबण घेते, आणि अंग पिवळ्याऐवजी लालसर-नारिंगी होतं. घरात गोंधळ उडतो, ‘हळद अंगावर उठली’ म्हणून. उठलेली नसते. आपला वडीचा साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी वस्तू लागली की हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. खाज, सूज, पुरळ असेल तर ती अ‍ॅलर्जी. नुसता रंग बदलला असेल तर तो साबणाचा प्रताप. खाण्याच्या सोड्यानेही तेच होतं, वर कातडी कोरडी पडते. टूथपेस्टचा प्रयोग तर कुणीच करू नये.

बरोबर क्रम असा. आधी ओल्या मऊ फडक्याने वरची हळद टिपून घ्या, चोळू नका. मग कोरड्या हाताने तेल घ्या, चेहऱ्याला एक चमचा पुरतं, आणि बोटांच्या पेरांनी दोन-तीन मिनिटं फिरवा. नाकाच्या पाळ्या, भुवयांच्या मुळाशी, कानामागे, हनुवटीखाली जरा जास्त वेळ. तेल पिवळं दिसायला लागलं की कापसाने पुसा. पुन्हा तेल, पुन्हा कापूस. तिसऱ्या वेळी कापूस जवळपास स्वच्छ निघतो. त्यानंतरच सौम्य फेसवॉश आणि कोमट पाणी. बोअरचं पाणी जड असेल तर फेस नीट होत नाही म्हणून आपण जास्त फेसवॉश घेतो आणि चेहरा ताणल्यासारखा होतो. अशा घरी शेवटचे दोन तांबे प्यायच्या पाण्याचे घ्या. अंग पुसून लगेच मॉइश्चरायझर लावा.

एवढं करूनही थोडी पिवळी झाक राहील. ती एक-दोन दिवसांत आपोआप जाते, तिच्यामागे लागून चेहरा सोलू नका. पिवळी झाक फाउंडेशनखाली झाकली जाते, सोललेली कातडी झाकली जात नाही. उलट तिथेच फाउंडेशनची खपली धरते.

लग्नाची सकाळ

साडेबाराचा मुहूर्त असेल तर साडेआठला बसा. केसांना तास, चेहऱ्याला सव्वा तास, नऊवारी आणि दागिन्यांना तास, उरलेला वेळ वाया जाण्यासाठी, तो जातोच. केस आधी, चेहरा नंतर. खोलीत पंखा चालू ठेवा, पाण्याचा कूलर मात्र थेट तोंडावर नको. तो हवेत ओल सोडतो, चेहऱ्यावरचे थर सुकत नाहीत आणि एकावर एक घसरतात.

फेसवॉशने तोंड धुवा. मॉइश्चरायझर वाटाण्याएवढं, त्यावर पाच मिनिटांनी सनस्क्रीन. एसपीएफ ५० आणि पीए+++ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं हे सांगणाऱ्या, बाटलीवर छापलेल्या खुणा) असलेलं, तर्जनी आणि मधलं बोट या दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि मान मिळून. लोक याच्या पाव भाग लावतात आणि मग सनस्क्रीन काम करत नाही म्हणतात. त्यानंतर पंधरा मिनिटं काहीही नाही. चहा प्या, पोहे खा. हा वेळ वाचवला तर पुढच्या थराबरोबर खालच्याच्या बारीक वळ्या निघतात. सनस्क्रीनवर झिंक किंवा टायटॅनियम लिहिलं असेल तर आदल्या आठवड्यात फ्लॅश लावून मोबाइलवर एक फोटो काढून बघा. काहींनी चेहरा पांढरा उमटतो. ‘एचडी’ म्हणून मिळणाऱ्या सिलिकाच्या पांढऱ्या पावडरचंही तेच.

प्राइमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा गुळगुळीत थर) फक्त कपाळ, नाक आणि नाकाशेजारच्या छिद्रांवर. फाउंडेशन संपूर्ण चेहऱ्याला दोन हरभऱ्यांएवढं. हो, एवढंच. स्पंज भिजवून घट्ट पिळा, कोरड्या टॉवेलात दाबा, आणि थोपटत लावा. ओढत लावलं तर रेघा उठतात आणि खालचं सनस्क्रीनही सरकतं. जिथे अजून डाग दिसतो तिथेच कन्सीलरचा (डाग झाकणाऱ्या दाट क्रीमचा) ठिपका. उन्हात पातळ दोन थर टिकतात, जाड एक थर घामाबरोबर चिरतो. हळदीची झाक एखाद्या ठिकाणी फारच असेल तर तिथे फाउंडेशनच्या आधी जांभळट करेक्टर (पिवळा रंग मारणारं क्रीम), तांदळाच्या दाण्याएवढा. कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका. अंबाडा घातल्यावर आणि सप्तपदीत मागून फोटो काढल्यावर तीच दिसते.

पावडर कपाळ, नाक, हनुवटी आणि वरच्या ओठावर दाबून लावा. गालांवर नावापुरती. सेटिंग स्प्रे (मेकअप धरून ठेवणारा फवारा) वीतभर अंतरावरून, डोळे मिटून, पंख्याखाली सुकवा.

डोळ्यांचं फार लांबवत नाही: वॉटरप्रूफ काजळ, त्यावर त्याच रंगाची आयशॅडो बारीक ब्रशने दाबून, म्हणजे पाठवणीला डोळे पुसले तरी गालावर उतरत नाही. मस्कारा उघडून सहा महिने झाले असतील तर टाकून द्या. लिपस्टिक एकदा लावून कागदावर टिपा, मग दुसरा हात. घास भरवताना तीच टिकते.

टिकली, मुंडावळ्या, नथ, गजरा

टिकलीचा गोंद तेलकट जागेवर धरत नाही, म्हणून चंद्रकोर लावायच्या जागेवरचं सनस्क्रीन-पावडर ओल्या कापसाने पुसून, सुकवून, मग टिकली दाबा. टिकलीखाली आधीपासून खाज येत असेल किंवा पांढुरका डाग दिसत असेल तर टिकली बंद. काही गोंदांतल्या रसायनाने (पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल असं त्याचं लांबलचक नाव) तिथला रंगच निघून जातो. त्याऐवजी जुन्या पद्धतीने मेणावर कुंकू टेका, किंवा लिक्विड कुंकवाने कोर काढा.

मुंडावळ्यांखाली कपाळावर घाम साचतो. बांधण्याआधी त्या रेषेवर पावडर जरा जास्त दाबा. चापाची नथ असेल तर नाकपुडीवरचं फाउंडेशन पुसूनच चाप लावा, नाहीतर ती घसरते आणि दर वेळी सारखी करताना शेजारचा मेकअप निघतो. गजरा फुलवाल्याकडून ओला येतो. झटकून, टॉवेलात गुंडाळून पाणी काढा. केसांतून ठिबकलेलं पाणी मानेवर बरोबर पांढरी वाट काढत जातं.

अक्षता कुंकवाने रंगवलेल्या असतात आणि घामेजल्या गालाला चिकटल्या की लाल ठिपका सोडतात. चोळू नका, कोरड्या टिश्यूच्या टोकाने उचला. घामाचंही तसंच, आधी टिपायचा, नंतर गरज असेल तिथे पावडर. ओल्या घामावर पावडर टाकली की कणीक होते. करवलीच्या पिशवीत एवढंच हवं: टिश्यू, पावडरचा पफ, लिपस्टिक, दोन जादा टिकल्या, सेफ्टी पिना. मिरवणूक किंवा देवदर्शन उन्हात असेल तर दर दोन तासांनी सनस्क्रीन लावायचा नियम मेकअपवर पाळणं अवघड आहे. डोक्यावर पदर, छत्री आणि सावलीची बाजू हाच व्यवहारी मार्ग.

रात्री

कितीही दमलात तरी मेकअप काढूनच झोपा. पुन्हा हळदीचाच क्रम: आधी तेल किंवा क्लिन्झिंग बाम कोरड्या चेहऱ्यावर, मग कापूस, मग फेसवॉश. टिकलीचा गोंद नखाने ओरबाडू नका, तेलाचा थेंब ठेवून मिनिटभराने पुसा. पुढचे तीन-चार दिवस मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी काही नाही.

आणि हळदीच्या दिवशीचे टॉवेल, परकर साबणात घातल्यावर लालभडक झाले तर घाबरून ब्लीच ओतू नका. स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळा, ओलेच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दोन-तीन दिवसांत डाग फिका होतो, आणि त्या दिवसांत सांगलीत ऊन भरपूर असतं.