कातेद्राइसला जाताना : आधी ओहोटी, मग बाकी सगळं

स्पेनच्या वायव्येला, गालिसियात, रिबादेओजवळ प्राइआ दास कातेद्राइस नावाचा किनारा आहे. भरतीच्या वेळी तो नसतोच. लाटा थेट कड्यावर आपटत असतात. पाणी ओसरलं की तीसेक मीटर उंचीच्या दगडी कमानी, कमानीमागे कमान आणि मधल्या गुहा मोकळ्या होतात. म्हणून तयारीला हॉटेलपासून नाही, ओहोटीपासून सुरुवात करा.

रिबादेओचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा आणि ओहोटीच्या वेळेच्या मागेपुढे दोन-दोन तास आखून ठेवा. तेवढाच वेळ आपला. ओहोटी दिवसाकाठी दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पहाटेची गैरसोयीची वाटली तर संध्याकाळची धरा. जुलैत तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, उजेडाची चिंता नाही. शक्यतो अमावस्या-पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस निवडा. उधाणात भरती मोठी तशी ओहोटीही खोल जाते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी पुरतं ओसरत नाही, काही कमानींपर्यंत पोचताच येत नाही आणि माणूस हिरमुसून परततो. वेळापत्रकात ‘कोएफिसिएन्ते’ असा आकडा असतो, त्या दिवशीची भरती-ओहोटी किती मोठी ते सांगणारा. नव्वदच्या वर असेल तर उत्तम.

ते घड्याळ कुठलं, हेही तपासा. तिथल्या काही वेळापत्रकांत जागतिक प्रमाणवेळ छापलेली असते; हिवाळ्यात त्यात एक तास आणि उन्हाळ्यात दोन तास मिळवावे लागतात. मी मिळवले नाहीत. दहाची ओहोटी म्हणून शहाणपणाने नऊलाच हजर झालो, तर जिन्याच्या खालच्या पायऱ्या पाण्यात! खरी ओहोटी बाराची होती.

तारीख ठरली की परवाना. ईस्टरच्या आठवड्यात आणि जुलै ते सप्टेंबर वाळूवर उतरायला आगाऊ नोंदणी लागते. ती गालिसिया सरकारच्या संकेतस्थळावर मोफत होते, पण रोजच्या माणसांना मर्यादा असते, त्यामुळे चांगल्या ओहोटीचे दिवस लवकर भरतात. परवाना तारखेचा मिळतो. त्या दिवशी पाणी कधी ओसरेल ते आपणच बघायचं. परवाना हुकला तरी कड्यावरच्या वाटेने फिरता येतं, फक्त कमानी वरून दिसतात.

पायात पकड असलेले, भिजले तरी चालतील असे बूट हवेत. चपला नकोत आणि अनवाणी तर मुळीच नको: खडकांवर शेवाळ असतं, शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या लागतात आणि मध्ये गुडघाभर पाण्याची डबकी असतात. अर्धी पँट, वाऱ्याला अडवणारं जाकीट, फोनला पाण्यापासून वाचवणारी पिशवी. पोहण्याचे कपडे घ्या हवे तर. पाणी ऑगस्टातही गारच.

खाली उतरलात की फोनवर ओहोटीच्या वेळेचा गजर लावा. तो वाजला की परतीला लागायचं, कारण कड्यांमधल्या कोनाड्यांत पाणी पुढून शिरतं आणि जिन्याची वाट आधी तुटते. कमानीखाली उभं राहून दगड जवळून बघा: पाटीच्या दगडाचे पातळ थर, वह्यांची चळत रचावी तसे, आणि त्यांवर शिंपल्यांचा काळा पट्टा. तो डोक्याच्या वर जातो, कारण उधाणात इथलं पाणी सुमारे चार मीटर चढतं-उतरतं. याच थरांचे तुकडे सुटतात. 2018 मध्ये दगड पडून एका तरुणीचा जीव गेला होता. तेव्हा फोटोसाठी कड्याला पाठ टेकवू नका आणि खाण्याचा डबा गुहेत उघडू नका.

दगड-शिंपले उचलायचे नाहीत, 2005 पासून हे संरक्षित नैसर्गिक स्मारक आहे. गाडीत एक टॉवेल आणि कोरडे मोजे मात्र ठेवाच.