हिमारिय्याचा पेच: सख्ख्या भावांचा वाटा कसा काढावा

इस्लामी वारसा कायद्यातला हा जुना पेच. पत्नी वारली. मागे नवरा, आई, आईकडून सावत्र दोन भाऊ (आई एक, वडील वेगळे) आणि दोन सख्खे भाऊ. मूलबाळ नाही, वडील, आजोबा हयात नाहीत.

आधी निव्वळ मालमत्ता काढा. दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत (मृत्युपत्र), तीही उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंतच. नवऱ्याने न दिलेला मेहेर (निकाहात पत्नीला कबूल केलेली रक्कम) हे पत्नीचं येणं आहे, म्हणून तो मालमत्तेत धरा. हाच आकडा सहज राहून जातो, कारण हिशेबाला बहुधा नवराच बसलेला असतो.

समजा १२ लाख उरले. सहा भाग पाडा. नवऱ्याला ३, आईला १, सावत्र भावांना मिळून २. म्हणजे ६, २ आणि ४ लाख. सख्खे भाऊ असबा, ठरलेले वाटे देऊन उरेल ते घेणारे. इथे काहीच उरत नाही.

खलिफा उमर यांनी आधी असाच निवाडा दिल्याचं सांगतात. पुढे तसाच दावा आला तेव्हा सख्ख्या भावांकडून युक्तिवाद झाला: आमचा बाप गाढव होता असं समजा, पण आई तर एकच ना? (हिमार म्हणजे गाढव.) उमर यांनी त्यांना सावत्र भावांच्या एक तृतीयांश हिश्शात सामील केलं. पहिला निवाडा मात्र फिरवला नाही. एका इज्तिहादाने (स्वतः विचार करून काढलेल्या निर्णयाने) दुसरा रद्द होत नाही, यासाठी फकीह, म्हणजे इस्लामी कायदेपंडित, हाच दाखला देतात.

सुन्नींच्या चार पंथांपैकी मालिकी आणि शाफई दुसरा निवाडा मानतात, हनफी आणि हंबली पहिला. हे जरा उलटंच आहे: कियास (साधर्म्यावरून काढलेला नियम) बाजूला ठेवून न्याय्य पर्याय घेणारा इस्तिहसान ही हनफींची ओळख आणि इमाम शाफई त्याचे कडवे विरोधक. पण शाफईंच्या मते इथे सवलत दिलेलीच नाही. कुराणातला (४:१२) एक तृतीयांश हिस्सा आईच्या नात्याने मिळतो आणि ते नातं सख्ख्यांचंही आहे. इजिप्तने १९४३ च्या वारसा कायद्यात ही सख्ख्यांना सामील करणारी वाटणीच घेतली.

म्हणून पंथ आधी ठरवा. कोकणी मुस्लिम बहुतांश शाफई आहेत, पण आपल्याकडे कोर्ट सुन्नी पक्षकाराला हनफी गृहीत धरतं. शाफई असाल तर दाव्यातच तसं लिहा आणि पुरावा जोडा.

शाफई वाटणीत ते ४ लाख चार भावांत प्रत्येकी १ लाख. इथे पुरुषाला दुप्पट नाही. भावांसोबत सख्खी बहीण असेल तर तिलाही त्यांच्याइतकंच. सवयीने २:१ लावलं की हिशेब चुकलाच.

वारसांत एक माणूस बदलला तरी पेच सुटतो. आईकडून सावत्र भावंड एकच असेल तर त्याला १/६, आणि सख्ख्या भावांसाठी १/६ उरतो. सख्खा भाऊ नसून एकटी सख्खी बहीण असेल तर तिचा स्वतःचा निम्मा हिस्सा आहे. सहा भागांच्या हिशेबात ३, १, २, ३ मिळून ९ होतात, म्हणून औल करून (सगळ्यांचे वाटे प्रमाणात घटवून) नऊ भाग पाडा. सख्ख्यांऐवजी वडिलांकडून सावत्र भाऊ असतील तर शाफई वाटणीतही त्यांना काही नाही, कारण त्यांची आई वेगळी. वडिलांचे वडील हयात असतील तर आईकडून सावत्र भावंडंच बाद होतात.