चोरी जमते, पण पचत नाही: आरपीजी खेळताना या चुका टाळा

"दादा, एकानंही बघितलं नाही, मग दुकानदार माल का घेत नाहीये?"

मावसभावाने गेल्या आठवड्यात स्कायरिम हा आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम) सुरू केला आणि तिसऱ्याच दिवशी हा प्रश्न घेऊन आला. त्याच्या पिशवीत चांदीच्या वाट्या, दोन अंगठ्या, एक हार, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातलं चीज असा ऐवज ठासून भरला होता. गेममधल्या अर्ध्या व्हाइटरन शहरावर त्याने डल्ला मारला होता. चोरी छान जमली होती, पचत नव्हती.

चोरी करताना आपण एकच गोष्ट सांभाळतो: आत्ता, या क्षणी कोणी बघत नाही ना. गेम मात्र नंतरचंही लक्षात ठेवतो, आणि प्रत्येक गेम वेगळं काहीतरी लक्षात ठेवतो. कुठे वस्तूवर शिक्का बसतो, कुठे अख्खं गाव डूख धरतं, कुठे एकच माणूस तुमचा पिच्छा पुरवतो. एका गेमची सवय दुसऱ्यात नेली की गडबड होते. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, काही तर दोनदा.

चोरीचा माल भरबाजारात काढणं

स्कायरिममध्ये (२०११) दुसऱ्याच्या मालकीची वस्तू उचलताना मजकूर लाल दिसतो. उचलली की तिच्यावर चोरीचा शिक्का बसतो, आणि हा शिक्का कोणी बघितलं की नाही यावर अवलंबून नसतो. साधा दुकानदार अशी वस्तू विकत घेतच नाही. त्यासाठी चोरीचा माल घेणारा लागतो, गेममध्ये त्याला फेन्स म्हणतात. रिफ्टन शहराच्या पोटात, रॅगेड फ्लॅगन नावाच्या गुत्त्यात टोनिलिया बसते. थीव्ह्‌ज गिल्डमध्ये, म्हणजे चोरांच्या टोळीत, शिरलात की ती तुमचा माल घेते. तिच्याकडचे पैसे संपले तर दोन दिवसांनी परत या. दुसरा मार्ग लांबचा आहे: स्पीच हे बोलण्याचं कौशल्य ९० पर्यंत नेऊन फेन्स याच नावाचा पर्क (कौशल्यातली खास सवलत) घ्यायचा, मग ज्या दुकानदाराच्या धंद्यात तुम्ही पैसे गुंतवले असतील तोही चोरीचा माल घेतो.

म्हणून भावाला सांगितलं, गिल्डमध्ये जाईपर्यंत हलक्या आणि महाग वस्तूच उचल, बाकीचं राहू दे. चांदीच्या वाट्यांच्या वजनाने पाय उचलेनासे होतात आणि हाती काही लागत नाही.

हीच कंपनी, हीच मालिका, पण मॉरोविंडचं (२००२) गणित निराळं. तिथे दुसऱ्या गावचा दुकानदार चोरीचा माल खुशाल घेतो. अडचण फक्त मूळ मालकाची. त्याची वस्तू त्यालाच विकायला गेलात तर तो ओळखतो आणि बोंब ठोकतो. शिवाय गेम नग नाही, प्रकार लक्षात ठेवतो. एखाद्या व्यापाऱ्याचा एक हिरा चोरला, पुढे तीस तास खेळून भलत्याच गुहेत स्वतःच्या मेहनतीने दुसरा हिरा मिळवला, आणि तो त्याच व्यापाऱ्यापुढे ठेवला, तरी त्याच्या लेखी तो चोरीचाच. मी असा फसलो तेव्हा आधी वाटलं गेममध्ये बग आहे. उपाय सोपा: ज्याच्याकडून जे चोरलं, ते त्याला कधीच विकायचं नाही. कुणाचं काय उचललं याची वहीत नोंद ठेवली तर उत्तम.

किंगडम कम: डिलिव्हरन्समध्ये (२०१८) काळच मदत करतो. गेम १४०३ सालच्या बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला, आणि बनवणारी वॉरहॉर्स ही मंडळीही तिथलीच. वस्तूवरचा चोरीचा शिक्का इथे काही दिवसांनी पुसला जातो. तोवर पहारेकरी वाटेत अडवून झडती घेऊ शकतो, आणि झडतीत सापडलात तर मुद्देमालासकट. त्यामुळे चोरी करून सरळ आपल्या पेटीकडे जायचं, माल आत टाकायचा आणि चार दिवस दुसऱ्या कामाला लागायचं. घाईच असेल तर रॅटाय गावाजवळच्या गिरणीचा पेशेक चोरीचा माल घेतो.

नुसत्या नजरेची काळजी घेणं

स्कायरिममध्ये लोकांच्या नजरेचा हिशेब अगदी सरळ आहे. त्यांच्या डोळ्यांपासून तुमच्यापर्यंत रेघ जाते का, याला गेममध्ये फार महत्त्व. म्हणूनच दुकानदाराच्या डोक्यावर बादली किंवा मोठं भांडं चढवून त्याच्या डोळ्यांदेखत दुकान धुऊन नेण्याची युक्ती इतकी गाजली. तो बादलीखालून शांतपणे बोलत राहतो.

ही सवय घेऊन किंगडम कममध्ये गेलात तर पहिल्याच रात्री आत जाल. तिथे आवाज मोजला जातो, कपड्यांचा उजळपणा मोजला जातो. चिलखत घालून पायऱ्या चढायला लागलात की वरच्या मजल्यावर झोपलेला माणूस उठून बसतो. चोरीला जाताना लोखंड सगळं उतरवा, गडद रंगाचे साधे कपडे घाला. आणि एक बारकावा नवख्यांना हमखास नडतो: रात्री गावातून मशालीशिवाय फिरणं हाच तिथे संशयाला पुरेसा मुद्दा आहे. अंधारात लपायचं म्हणून मशाल विझवायची, तर रस्त्यावरचा पहारेकरी त्यासाठीच हटकतो. मी रस्त्यावर मशाल पेटती ठेवतो आणि घराच्या मागच्या भिंतीशी पोचलो की विझवतो.

खिशात हात घालून हाव करणं

खिसा मारणं हे घर फोडण्यापेक्षा अवघड, कारण मालक एक पावलावर उभा असतो. स्कायरिममध्ये यशाची शक्यता कितीही कौशल्य असलं तरी ९० टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे उस्तादाचाही दहातला एक डाव फसणारच, हे धरून चालायचं. वस्तू जितकी महाग आणि जड तितकी शक्यता कमी. चावी काढणं सोपं, पैशांची जाड थैली काढणं अवघड. मी तरी आधी चावीच काढतो. घराची चावी हातात आली की थैलीवाला झोपेपर्यंत थांबता येतं.

किंगडम कममध्ये हीच हाव प्रत्यक्ष हाताला जाणवते. माणसाच्या मागे उभं राहून बटण दाबून धरायचं. जितका वेळ धराल तितके जास्त क्षण खिसा चाचपायला मिळतात, पण तितकाच तो मागे वळायचा धोका वाढतो. अजून थोडं, अजून थोडं करत आपण बटण सोडत नाही, आणि तो गर्रकन वळतो. सुरुवातीला थोडाच वेळ धरा, जे सगळ्यात जवळ दिसेल ते घ्या आणि निघा. एका माणसाकडून सगळं काढायच्या नादात मी जितक्या वेळा सापडलो, तितक्या वेळा दुसऱ्या कुठल्याच कारणाने सापडलो नाही.

डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ मध्ये (२०१७) तर एका पात्राला एका माणसाचा खिसा एकदाच मारता येतो. सुरुवातीलाच एखाद्या व्यापाऱ्याकडून किरकोळ औषधाची बाटली चोरली तर ती संधी गेली. चोरीचं कौशल्य वाढेपर्यंत मोठ्या व्यापाऱ्यांना हातच लावू नका.

चोरी झाल्यावर तिथेच घुटमळणं

बाल्डर्स गेट ३ (२०२३) खेळणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी चूक, आणि यावर जरा सविस्तर लिहायलाच हवं. खिसा मारताना वीस बाजूंचा फासा पडतो. एक पडला तर कौशल्य कितीही असो, डाव फसतो. समजा फासा चांगला पडला, माल मिळाला. नवखा खेळाडू तिथेच उभा राहून पिशवी उघडतो आणि काय मिळालं ते बघत बसतो. तेवढ्यात ज्याचं गेलं त्याच्या लक्षात येतं आणि तो आसपास शोध सुरू करतो. जो जवळ सापडेल त्याला पकडून जाब विचारतो.

जवळ कोण सापडतं? बहुतेक वेळा तुमचेच सोबती. चोरी अ‍ॅस्टॅरियन या तुमच्या चोर सोबत्याने केलेली असते, तो पळालेला असतो, आणि दुकानासमोर निवांत उभे असलेले बाकीचे तिघे जाबजबाब देत असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

त्यामुळे क्रम असा ठेवा. आधी टोळी फोडा आणि बाकीच्यांना लांब पाठवा. चोराला गायडन्स या मंत्राचा आधार द्या, म्हणजे फाशात चारपर्यंत भर पडते. चोरी करण्याआधी टर्न-बेस्ड मोड (पाळीपाळीने चाल करायची पद्धत) सुरू करा, म्हणजे घड्याळ थांबतं आणि निसटायचा रस्ता नीट आखता येतो. चोरी केली की मागे न बघता कोपऱ्यापलीकडे. पिशवी नंतर उघडा.

याच गेममध्ये एमराल्ड ग्रोव्ह नावाची जागा आहे. तिथे आसऱ्याला आलेल्या टीफ्लिंग या शिंगवाल्या जमातीची पोरं तुमच्याशी बोलता बोलता तुमचाच खिसा मारायला बघतात. तिथेच एक लहान मुलगी मूर्ती चोरताना सापडलेली असते आणि तिच्या जिवावर बेतलेलं असतं. मला हा भाग फार आवडतो, कारण चोरी इथे नुसतं बटण राहत नाही. त्या मुलीला सोडवून झाल्यावर तीच मूर्ती आपण उचलायला गेलो आणि सापडलो, तर आसरा मागायला आलेले टीफ्लिंग आणि तिथले ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे पुजारी, एकमेकांवर शस्त्रं उपसतात. मूर्तीला हात लावण्याआधी एवढं माहीत असू द्या.

सापडलो की घाबरून तलवार उपसणं

स्कायरिममध्ये खिसा मारताना सापडलात तर बाउंटी, म्हणजे डोक्यावर लागलेला दंड, २५ नाण्यांची. घाबरून तलवार काढली आणि समोरचा मेला तर १०००. पहारेकरी आला की शस्त्र म्यानात ठेवा आणि त्याला बोलू द्या. दंड भरलात तर पिशवीतला चोरीचा माल जप्त होतो, म्हणून शहराच्या वेशीवरून आत येण्याआधी माल कुठेतरी सुरक्षित ठेवलेला बरा. तुरुंगात गेलात आणि शिक्षा झोपून काढलीत तर कौशल्यांमध्ये पुढच्या पायरीकडे केलेली प्रगती बुडते. बाउंटी मात्र त्या त्या प्रांतापुरतीच असते. व्हाइटरनमध्ये फरारी असलेला माणूस रिफ्टनच्या बाजारात बिनघोर हिंडू शकतो.

आणि सापडलं की लगेच जुना सेव्ह उघडू नका, ही माझी कळकळीची विनंती. स्कायरिममध्ये रिफ्टनच्या बाजारात थीव्ह्‌ज गिल्डचा ब्रिन्योल्फ तुम्हाला पहिलं काम देतो: मडेसी या व्यापाऱ्याच्या ठेल्यातली अंगठी काढून ब्रँड-शे या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या खिशात टाकायची. लोक हे काम नीट होईपर्यंत दहा-दहा वेळा सेव्ह उघडतात. खरं तर काम फसलं तरी ब्रिन्योल्फ तुम्हाला हाकलत नाही, पुढचा रस्ता दाखवतोच. किंगडम कममध्ये तर सेव्ह करायला सेव्हियर श्नॅप्स नावाची दारू लागते किंवा आपल्या पलंगावर झोपावं लागतं. बनवणाऱ्यांनी मुद्दाम तसं ठेवलंय, आणि तिथे प्रत्येक कुलपापुढे छातीत जी धडधड होते ती मला दुसऱ्या कुठल्या गेमने दिलेली नाही.

काही झटपट दुरुस्त्या

विचर ३ मध्ये (२०१५) शेतकऱ्याच्या घरातलं काहीही उचला, तो काही म्हणत नाही. पण पहारेकऱ्याच्या नजरेसमोर हात लावलात तर तो अंगावर येतो, आणि तो तुमच्यापेक्षा पुष्कळ ताकदवान असतो. तो दुसरीकडे बघेपर्यंत थांबा.

अल्टिमा ७ सारखा जुना (१९९२) गेम काढलात तर सोबत्यांकडे लक्ष ठेवा. चोरी बघून ते आधी बोलतात, ऐकलं नाही तर सोडून जातात.

स्कायरिममध्ये रस्त्यात अचानक भाडोत्री गुंडांनी गाठलं तर लढाईनंतर त्यांच्या अंगावरचं पत्र वाचा. कुणी पाठवलं त्याचं नाव त्यात असतं, आणि त्याच्या घरातून आपण काय उचललं होतं ते आठवतं.

एखाद्या घरातल्या वस्तू काल लाल दिसत होत्या आणि आज दिसत नाहीत, तर तोही बग नव्हे. मधल्या काळात तुम्ही त्या घरमालकाचं काही काम करून दिलंय, तो तुम्हाला आपला मानतो, आणि लहानसहान गोष्टी आता विचारल्याशिवाय घेऊ देतो. भावाला हे परवा कळलं. ज्या घरातून त्याने चीज चोरलं होतं, तिथेच आता तो टेबलावरचं पाव उघडपणे उचलतो, आणि घरमालक त्याला बघून नमस्कार करतो.