ठाण्याहून ट्रान्सहार्बर: पूल, पास आणि ब्लॉक

ट्रान्सहार्बर म्हणजे ठाण्याहून वाशी आणि पनवेलकडे जाणारी लोकलची लाइन. ठाण्यात गाडीत बसलात की वाशी सुमारे अर्ध्या तासात येतं. त्या गाडीपर्यंत पोहोचायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी पंधरा. कोणती ८.२० आणि कोणती ८.३२ हे सगळ्यांना पाठ असतं, पण घोडं अडतं ते पुलावर. त्यामुळे वेळापत्रक घरून स्टेशनकडे लावण्याऐवजी पुलापासून मागे मोजत यावं.

पुलावरचा वेळ

ट्रान्सहार्बरच्या गाड्या ९, १० आणि १०ए या फलाटांवरून सुटतात. हे फलाट पूर्वेला, कोपरीच्या अंगाला आहेत आणि एक नंबर पार पश्चिमेला. घोडबंदर, वर्तकनगर किंवा नौपाड्याकडून येणाऱ्याला त्यामुळे अख्खं स्टेशन आडवं पार करावं लागतं. बसने येत असाल तर सॅटिसवर (पश्चिमेचा बसचा उंच डेक) उतरल्यावर खाली रस्त्यावर जाऊ नका. डेकवरूनच पादचारी पुलावर जाता येतं आणि एक जिना वाचतो. कोणी गाडीने सोडायला येत असेल तर सरळ कोपरीच्या बाजूने या. फेरा थोडा मोठा पडतो, पण पूल टळतो.

कल्याण-डोंबिवलीकडून येणाऱ्यांनी शक्य असेल तर फास्ट पकडावी. फास्ट पाच-सहा नंबरवर लागते, तिथून फक्त सात-आठ ओलांडायचे असतात. स्लोने आलात तर आणखी फलाट मध्ये येतात.

डबा निवडताना जिना कुठे आहे एवढंच बघून भागत नाही, तो कुठल्या दिशेने चढतो तेही बघावं लागतं. पहिली पायरी मुंबईकडे तोंड करून असेल आणि तुमचा डबा जिन्याच्या पाठीमागे लागला, तर जिन्याची भिंत आणि फलाटाची कड यांच्यामधल्या अरुंद पट्टीतून उलटं चालत यावं लागतं. समोरून गाडीत चढायला धावणारी माणसं, शेजारी सुटणारी गाडी. गर्दीच्या वेळी फलाटावरची सगळ्यात धोक्याची जागा तीच. म्हणून पहिल्या पायरीच्या एखादा डबा पुढे उतरावं. अगदी पायरीसमोरचा डबाही टाळा. तिथे उतरणारे, चढणारे आणि जिन्याला लागलेले असे तिन्ही लोंढे एकमेकांत अडकतात.

पाच आणि सहावर एकाच वेळी गाड्या लागल्या की मधला पूल तुंबतो. इंडिकेटरवर तसं दिसलं तर फलाटाच्या टोकाचा पूल धरा. चालणं वाढलं तरी पोहोचाल लवकर. पावसाळ्यात जिन्याच्या तोंडाशी छत्री उघडायला थांबणारे रांग अडवतात, त्या दिवसांत पाच मिनिटं जास्त धरावीत.

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस मध्य रेल्वेने ठाण्यात ६३ तासांचा ब्लॉक (कामासाठी रूळ बंद) घेऊन पाच नंबरचा फलाट रुंद केला. उभं राहायला जागा झाली, ते काम चांगलंच झालं. पण फलाट रुंद झाला म्हणून जिना रुंद होत नाही. खरा उतारा आहे कळवा-ऐरोली उन्नत मार्ग. तो झाला तर कल्याणकडची माणसं ठाण्यात न उतरता थेट नवी मुंबईत जातील. त्यातलं दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं. पुढचा मार्ग मधल्या वस्तीच्या पुनर्वसनात रखडला आहे, तोवर पूल आहेच.

वाशी की पनवेल

ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. इथपर्यंत कुठलीही गाडी चालते. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो: वाशीची गाडी सानपाड्याला जाते, नेरूळ-पनवेलची जुईनगरला. तुर्भ्याच्या आतलं स्टेशन असेल तर जी आधी सुटेल ती घ्या. मात्र नऊवरची आधी सुटणार की दहावरची, ते इंडिकेटरवर वाचूनच फलाटावर उतरा.

वाशीला जायचं असताना पनवेल गाडीत बसलात तर जुईनगरला उतरा आणि सीएसएमटीकडची हार्बर (सीएसएमटी-पनवेल लाइनची गाडी) घ्या. उलट, बेलापूरला जायचं असताना वाशी गाडी मिळाली तर तुर्भ्यालाच उतरून मागच्या पनवेल गाडीची वाट बघा. ती लवकर नसेल तर सानपाड्याला जाऊन पनवेलकडची हार्बर पकडा. उरणसाठी नेरूळ किंवा बेलापूरला बदला, पण आधी वेळ बघून ठेवा. त्या मार्गावर गाड्या कमी आहेत.

बसायला हवं असेल तर एक गाडी सोडा. गाडी ठाण्यातच रिकामी होते, त्यामुळे पुढच्या गाडीच्या दाराशी पहिल्या रांगेत उभं राहिलात तर सीट मिळते. सकाळी ऐरोली ते घणसोलीच्या कंपन्यांची गर्दी उतरत जाते आणि कोपरखैरण्यानंतर डबा मोकळा होतो. पनवेलला जाणाऱ्याने त्यामुळे दारात लटकू नये, आत सरकून उभं राहावं. ऐरोलीला उतरणाऱ्याने उलट फार आत जाऊ नये. संध्याकाळी परतताना वाशीहून सुटणाऱ्या गाडीत वाशीलाच जागा भरतात, ऐरोलीकरांनी सीटची आशा धरू नये.

पास

हिशोब सोपा आहे: तिमाही पास मासिकच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट. म्हणजे वर्षाचा काढलात तर सुमारे सव्वा महिन्याचे पैसे सुटतात. नोकरी किंवा घर बदलायची शक्यता असेल तर तिमाहीच बरा.

पास काढताना मार्ग तपासा. कल्याण किंवा डोंबिवलीहून वाशी-पनवेलला ठाण्यामार्गे जाता येतं आणि कुर्ल्यामार्गेही. ठाण्यामार्गेच्या पासवर कुर्ल्याला उतरलात तर टीसीच्या लेखी तुम्ही विनातिकीट. दंड किमान २५० रुपये, वर भाडं. ऐरोलीहून सीटसाठी उलट ठाण्याला येऊन त्याच गाडीने परत जाणाऱ्यांचा पास ठाण्यापर्यंतचा नसेल तर त्यांनाही हाच नियम.

रेल्वेच्या तिकीट अ‍ॅपवरचा पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. जुना आज संपत असेल तर नवा आजच काढा, उद्या सकाळी रांगेतून नको. स्क्रीनशॉट चालत नाही, तिकीट अ‍ॅपमध्येच उघडून दाखवावं लागतं. पासवर ज्या ओळखपत्राचा नंबर टाकलात ते जवळ ठेवा. एखाद्या दिवसाचं तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधीच काढा.

ब्लॉक आणि बिघाड

रविवारी निघण्याआधी ब्लॉकचं पत्रक बघा. ट्रान्सहार्बरवर ब्लॉक असला तर तो साधारण ११.१० ते ४.१० असतो. हार्बरवर ब्लॉक असतो त्या दिवशी हार्बरच्या प्रवाशांना बहुधा सकाळी १० ते संध्याकाळी ६ पर्यंत ठाणे-वाशी-नेरूळमार्गे जायची मुभा देतात. मुभा त्या पत्रकात लिहिलेली असेल तरच धरा.

हिवाळ्यात पहाटे रुळाला तडा जाण्याचे प्रकार होतात, कारण थंडीत रूळ आकुंचन पावतो. पावसात सायन-कुर्ल्याला पाणी भरलं की मेन आणि हार्बर दोन्ही कोलमडतात, पण ट्रान्सहार्बर तेव्हा बऱ्याचदा चालू असते. म्हणून 'लोकल बंद' एवढंच ऐकून घरी परतू नका, कुठली लाइन बंद ते विचारा. ओव्हरहेड वायर तुटली असेल तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही. दुरुस्तीला वेळ लागतो, ऐरोली-वाशीची बस धरा.

तक्रार

गाडी आणि फलाटावरच्या गोष्टींसाठी १३९ किंवा रेलमदद (रेल्वेची ऑनलाइन तक्रार सेवा). चोरी किंवा छेडछाडीसाठी लोहमार्ग पोलिसांचा १५१२. नवी मुंबईतली बहुतेक स्टेशनं सिडकोने (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) बांधली, मार्गाच्या खर्चातही सिडकोचा वाटा ६७ टक्के होता. त्यामुळे वाशी, नेरूळ, बेलापूरच्या स्टेशन इमारतीतली गळती, वरचे गाळे किंवा पार्किंग याबद्दल सिडकोला लिहा. रेल्वेकडे पाठवलेली अशी तक्रार 'आमच्या अखत्यारीत नाही' असा शेरा घेऊन परत येते.

रेलमददवर 'स्टेशन' हा पर्याय निवडलात तर पीएनआर लागत नाही. मजकुरात संताप नको, ठिकाण हवं. 'ठाण्यात सरकते जिने नेहमी बंद असतात' यावर कोणाला काही करता येत नाही. असं लिहा: 'ठाणे, फलाट ९, कल्याणच्या टोकाचा वर जाणारा सरकता जिना, सोमवार ते बुधवार सकाळी ८ ते १० बंद, बाजूला सूचनाफलक नाही.' फोटो जोडा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. काम न होता तक्रार बंद केली तर अभिप्रायात 'असमाधानकारक' नोंदवून त्याच क्रमांकाचा उल्लेख करत नवी टाका. गाडीची वेळ किंवा जादा फेऱ्या मागायच्या असतील तर रेलमदद ही जागा नव्हे. त्यासाठी प्रवासी संघटनेमार्फत मुंबई विभागाच्या व्यवस्थापकांना सह्यांचं निवेदन द्या, आणि त्यात कोणत्या दोन गाड्यांमध्ये किती मिनिटांची पोकळी आहे ते वेळापत्रकावरून मांडा.